‘द ऑफिस’ मुलांना कितव्या वर्षी दाखवावी?

मुलीला पंधरावं लागलं तेव्हा तिने विचारलं, “आई, ‘द ऑफिस’ बघू का?” तिच्या मैत्रिणींच्या तोंडी त्यातली वाक्यं सतत असायची. मी म्हटलं, दोघी मिळून बघू. आम्ही बसलो तर बारा वर्षांचा धाकटाही येऊन बसला आणि मी त्याला उठवलं नाही. उठवायला हवं होतं.

ही अमेरिकन मालिका २००५ ते २०१३ या काळात एनबीसी या तिथल्या वाहिनीवर लागायची. ९ सीझन, २०१ भाग. स्क्रँटन नावाच्या शहरातली कागद विकणाऱ्या कंपनीची एक शाखा, तिथला साहेब मायकल स्कॉट, आणि या सगळ्यांवर माहितीपट काढायला आलेला कॅमेरा. मोठ्या शिवीवर बीप वाजतो, उघडंनागडं जवळपास काही नाही. तेवढं तपासून मी निर्धास्त झाले होते.

खरी अडचण वेगळीच निघाली. या मालिकेत मागे हशा वाजत नाही. कुठे हसायचं, कुणावर हसायचं हे कोणी सांगत नाही, ते बाजूला बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवरून ओळखावं लागतं. पहिल्याच सीझनच्या दुसऱ्या भागात मायकल वर्णभेदावर स्वतःचा वर्ग घेतो. सगळ्यांच्या कपाळावर वंशांची, देशांची नावं लिहिलेली कार्डं लावतो आणि समोरच्याला तसं वागवा म्हणतो. मग तिथेच काम करणारी, भारतीय वंशाची केली कपूर येते, तिच्या तोंडावर तो भारतीय माणसाच्या बोलण्याची नक्कल करतो, आणि ती त्याच्या थोबाडीत मारते.

धाकटा नकलेला खो खो हसला. थोबाडीत बसल्यावर मात्र गोंधळला. “ती का चिडली? तो तर गंमत करत होता.” मुलगी तोपर्यंत अंग चोरून बसली होती. तीन वर्षांचं अंतर, पण ती केलीकडे बघत होती आणि तो मायकलकडे. मी तिथेच थांबवलं आणि पुन्हा लावून त्याला फक्त केलीचा चेहरा बघायला सांगितलं. केलीचं काम करणारी मिंडी केलिंग या मालिकेच्या लेखकांपैकीही एक आहे, तिसऱ्या सीझनमधला दिवाळीचा भाग तिनेच लिहिला आहे, हेही सांगितलं. त्याला थोडं उमगलं, सगळं नाही. बारा वर्षांच्या मुलाकडून मी याहून जास्त अपेक्षा करणार नाही. साहेब म्हणजे नायक, तो बोलतो ते विनोदी, एवढाच हिशोब त्या वयात पटकन जमतो.

मायकलचं ते पेटंट वाक्य, ‘दॅट्स व्हॉट शी सेड’, म्हणजे ‘ती असंच म्हणाली होती’. साध्या बोलण्याला चावट वळण द्यायचं. धाकट्याने अर्थ न कळता ते जेवताना म्हटलं. मी रागावले नाही, अर्थ सरळ सांगितला, आणि मायकलच्या हाताखालच्या बायकांना हे कामावर ऐकून घ्यावं लागतं हेही सांगितलं. त्यानंतर तो आमच्याबरोबर बसला नाही. ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

मुलीबरोबर मात्र मालिका खुलली. तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात मायकल त्याच्या हाताखालचा ऑस्कर समलिंगी असल्याचं सगळ्या ऑफिसला कळवून बसतो, आणि आपण किती मोकळ्या मनाचे आहोत हे दाखवायला सगळ्यांदेखत त्याचं चुंबन घेतो. दुसऱ्याचं गुपित सांगायचा हक्क कुणाला, यावर आम्ही तो भाग संपल्यावर त्याच्या लांबीपेक्षा जास्त वेळ बोललो. ऑफिसमधल्याच ड्वाइट आणि अँजेलाचं चोरून चाललेलं प्रकरण, तिथल्याच मेरेडिथचं दारू पिणं, हे पंधराव्या वर्षी झेपतं.

एक भाग मी आधी एकटीने बघितला, याचं मला बरं वाटतं. तिसऱ्या सीझनमध्ये ऑफिसचं कामही जिवावर बेततं हे गोदामातल्या लोकांना पटवायला मायकल गच्चीवरून उडी मारायचं नाटक रचतो. आधी टरबूज टाकून बघतात. आत्महत्या इथे विनोदाचा विषय आहे, आणि गोदामाचा प्रमुख डॅरिल त्याला समजावून खाली आणतो तो प्रसंग चांगला असला तरी तिथवर जे येतं ते सगळ्यांना सोसणार नाही. घरातलं मूल खचलेलं असेल, किंवा त्याने जवळचं कोणी असं गमावलं असेल, तर हा भाग गाळा. ‘सेफ्टी ट्रेनिंग’ असं त्याचं नाव आहे.

सहाव्या सीझनमध्ये शाळकरी मुलांच्या कॉलेजची फी भरण्याचं दहा वर्षांपूर्वीचं वचन मोडून मायकल त्या मुलांना लॅपटॉपच्या बॅटऱ्या वाटतो. तिथे मुलगी म्हणाली, “बंद कर, मला बघवत नाही.” ती मुलं तिच्याच वयाच्या आसपासची. मी बंद केलं. दोन दिवसांनी तिने स्वतःच उरलेला भाग लावला.

चौदा-पंधरापासून, शेजारी मोठं माणूस असेल तर, मी ही मालिका जरूर दाखवीन. सुरुवात दुसऱ्या सीझनपासून करा, पहिल्यात मायकल फार कडवट वाटतो. आणि तिसऱ्या सीझनमधलं ऑफिसची रिसेप्शनिस्ट पॅम हिच्या चित्रांचं प्रदर्शन चुकवू नका. ऑफिसमधलं जवळजवळ कोणी आलेलं नसतं, जे येतात त्यांतले काही नावं ठेवतात. मग उशिरा मायकल येतो, तिने काढलेलं ऑफिसच्या इमारतीचं चित्र मनापासून बघतो आणि विकत मागतो. मुलीने विचारलं, “हा तोच माणूस?” आम्ही तो प्रसंग दोनदा बघितला.