६० रुपयांचे ‘रणांगण’

ठाण्यात गोखले रोडलगतच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ या कादंबरीची (१९३९) वापरलेली प्रत ६० रुपयांना घेतली. बांधणी सैल असून दोन पाने सुटी निघाली, हे दुकानदाराने आधी सांगायला हवे होते. शेवटी डिंक घरचाच लावला. मजकूर मात्र शाबूत आहे. युरोपातून परतणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि ज्यू निर्वासित हॅर्टा यांची गाठ पडते, आणि मुंबई येईल तेव्हा ताटातूट होणार हे अटळ असल्यामुळे प्रवासातला प्रत्येक दिवस सरण्याआधीच आठवण होऊन बसतो. गेलेल्या काळाची ही ओढ बेडेकर हळवेपणाने आळवत नाहीत, म्हणूनच ती अधिक सलते. पहिल्या पानावर कुणीतरी शाईने घातलेली तारीख आता वाचता येत नाही.