हतनूर ते पाल सायकल टूर: गाड्या नाहीत म्हणे!

आधी स्टार सांगून मोकळी होते, पाचपैकी साडेतीन. दीड कुठे गेले ते पुढे कळेलच. टूरवाल्यांचं नाव लिहीत नाहीये कारण पोरं आपल्याच भागातली आहेत, धंदा नवीन आहे आणि जे चुकलं ते मी त्यांच्या तोंडावर सांगून झालंय.

मी 47 वर्षांची, शाळेत शिकवते, सायकल शेवटची चालवली ती अकरावीत. नंतर हिंमतच झाली नाही कारण जळगावात सायकल काढायची म्हणजे एका बाजूनं रिक्षा, दुसऱ्या बाजूनं बुलेटवाली पोरं आणि हायवेला लागलात तर ट्रक. म्हणून व्हॉट्सअपवर यांचा मेसेज आला, "धरणाचा काठ आणि सातपुड्याचं जंगल, शंभर टक्के ट्रॅफिक फ्री", तेव्हा पुण्याच्या मावसबहिणीला नुसता फॉरवर्ड केला तर तिचा लगेच फोन, ताई आपण जायचंच. दोन दिवस, सातपुड्यातल्या पालला एक मुक्काम, जेवण, सायकल, हेल्मेट, मागे पिकअप, सगळं धरून माणशी 3,200 रुपये. डिसेंबरातला शनिवार-रविवार होता आणि आम्ही अकरा जण होतो.

पहिला दिवस हतनूरचा. पावसाळ्यात बातम्यांत दरवर्षी येतं ना, हतनूरचे 41 दरवाजे उघडले, तापीकाठच्या गावांना इशारा, तेच धरण. मी आजवर ते फक्त बातम्यांत आणि रेल्वेतल्या गप्पांत ऐकलेलं. डिसेंबरात ते एकदम वेगळं असतं. वरच्या अंगाला तापी आणि पूर्णा चांगदेवजवळ एकत्र होतात तिथपर्यंत पाणी मागे पसरलेलं आहे, आणि धरणात गाळ इतका साचलाय की काठाला पाणी उथळ. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते वाईटच, पण बदकांना उथळ पाणीच लागतं, त्यामुळे हिवाळ्यात तिथे पक्ष्यांची जत्रा. चक्रवाक मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितले, विटकरी रंगाचे, जोडीजोडीनं. चपट्या चोचीची थापट्या बदकं होती, वारकरी तर मोजायलाच नकोत (वारकरी म्हणजे ते काळं बदकासारखं, कपाळावर पांढरा टिळा असतो म्हणून ते नाव). आणि हे सायकलवरून बघण्यात काय मजा आहे ती मला तिथेच कळली, गाडी थांबली की पक्षी उडतात, सायकल हळूहळू गेली तर मान वर करून बघतात आणि परत चरायला लागतात.

मग कालव्याकडेचा रस्ता. हतनूरचा उजवा कालवा यावल-चोपड्याकडे जातो, त्याच्या कडेनं पाटबंधारेवाल्यांच्या जीपसाठी मुरमाचा रस्ता आहे, त्यावर आम्ही चाललो. रब्बीच्या पिकांसाठी कालव्याला पाणी सुटलेलं, डाव्या हाताला भरून वाहणारं पाणी, उजव्या हाताला केळीच्या बागा, घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या, ठिबकच्या नळ्या, मधूनच हरभरा. साधारण दोन तासांत आम्हाला भेटलं ते एवढंच: दोन मोटारसायकली, एक बैलगाडी आणि शेळ्या. मी आणि बहीण दोन सायकली शेजारीशेजारी लावून सगळ्या नातेवाइकांचा हिशोब करत गेलो, कोणाचं लग्न कुठे अडकलंय इथपासून मामांच्या वाटणीपर्यंत, आणि एकदाही मागे वळून बघावं लागलं नाही की कोण हॉर्न देतंय. याचे मी दोन स्टार देते, फक्त याचेच. बांधावर बसलेल्या एका आजींनी विचारलं, "कुठी चालल्या वो माय सायकली घेऊन, एसटी बंद हाय का?" आता काय सांगणार, पैसे भरून सायकल चालवू ऱ्हायलो म्हणून.

आता रडगाणं. कालव्याच्या कडेला सराटे (टायरमध्ये घुसणारे काटे) असतात हे आपल्याकडच्या लहान पोरालाही माहितीये. अकरा सायकलींत चार पंक्चर, तेही पहिल्या पंधरा किलोमीटरमध्ये. एवढं असून ट्यूबमध्ये सीलंट (पंक्चर आतूनच बुजवणारं द्रव) टाकलेलं नव्हतं, जास्तीच्या ट्यूब दोनच, आणि पॅच चिकटवायचं सोल्युशन वाळून खडखडीत. तिसरं पंक्चर माझं. पाऊण तास उन्हात बसले, पिकअप यायला अजून अर्धा तास कारण ड्रायव्हर जेवायला गेला होता. सायकली बाकी ठीक होत्या, 21 गिअरच्या, टायर जाड, पण माझ्या सायकलचा मागचा ब्रेक असा किंचाळायचा की चक्रवाकांनी ऐकला असता तर थेट तिबेट गाठलं असतं. हेल्मेटला आधीच्या बॅचच्या घामाचा वास, घरून डोक्याला बांधायला रुमाल न्याच.

दुसरं, पाट्या नाहीत. माझी बहीण मागच्या वर्षी लेकाकडे जर्मनीला गेली होती तेव्हा बोडन्झे तळ्याच्या काठानं सायकल चालवून आलीये, त्या तळ्याभोवती साधारण 260 किलोमीटरचा सायकल मार्ग आहे, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड तीन देशांतून जातो आणि जागोजागी सायकलसाठी बाण. ती म्हणे नकाशा उघडायची वेळच आली नाही. आमचा लीडर मात्र फास्टवाल्यांबरोबर पुढे निघून गेला, मागचा पोरगा पंक्चरमध्ये अडकलेला, आणि आम्ही चौघी कालवा सोडून एका पाटचारीनं (शेतात पाणी नेणाऱ्या छोट्या पाटानं) सरळ कोणाच्या तरी केळीबागेत घुसलो. मालक भला माणूस, चिडला नाही, उलट केळी दिली आणि वर म्हणे, "त्या तुमच्या सायकलवाल्याले सांगा, फाट्यावर चुन्यानं बाण मारत जाय." दहा रुपयांच्या चुन्याचं काम आहे हो!

आणि तिसरं, जे पुरुष रिव्ह्यूवाले कधीच लिहीत नाहीत. पहिल्या दिवशी बायकांसाठी टॉयलेटची काहीच सोय नव्हती. विचारलं तर "काकू, पुढे पंप आहे". पंप चौदा किलोमीटर पुढे. पाणी पीत राहा, पीत राहा म्हणून डोकं खायचं आणि मग ही उत्तरं. यासाठी अर्धा स्टार गेला आणि तो परत मिळणार नाही.

जेवणावर मात्र बोट ठेवायला जागा नाही. फैजपूरच्या अलीकडे एका मळ्यात भरीत होतं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. तेल जास्त होतं, असायलाच पाहिजे. लीडरनं नेमकं ताट वाढल्यावर 1936 च्या फैजपूर काँग्रेसची गोष्ट सुरू केली, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष वगैरे, मी शाळेत हेच शिकवते तरी मी म्हटलं बाबा आधी भाकरी गार होते ती खाऊ दे.

तिथून सायकली पिकअपमध्ये टाकून सगळ्यांना गाडीनं पालला नेलं, आणि हे त्यांनी शहाणपणाचं केलं कारण बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर केळीच्या ट्रकांमधून आम्हाला सायकलवर काढलं असतं तर मी तिथूनच भुसावळची एसटी धरली असती.

पालला रात्री थंडी कडक, रजया मिळाल्या, स्वच्छ होत्या. रविवारी सकाळी जंगल. पाल यावल अभयारण्याला लागून आहे, 1969 पासूनचं अभयारण्य, त्यामुळे मनाला येईल तिकडे सायकल घालता येत नाही, वनखात्याची परवानगी, नोंद आणि बरोबर स्थानिक गाईड. गाईड पावरा आदिवासी समाजातला विशीतला मुलगा होता आणि खरं सांगायचं तर टूरमधला सगळ्यात हुशार माणूस तोच. निघायच्या आधी त्यानं सगळ्यांच्या टायरमधली थोडी हवा काढली, म्हणे दगडगोट्यांवर टायर गच्च असला की उसळतो, थोडा मऊ असला की जमीन धरतो. मग चढाच्या बऱ्याच आधी ओरडायचा, "काकू, गिअर आत्ताच हलका करा, चढावर जोर देऊन बदलला तर चेन पडेल." एकदा नाही ऐकलं. पडली.

साग, सालई, अंजन, पानं पिवळी पडायला लागलेली, टायरखाली पानांचा चुरचुर आवाज आणि बाकी काही नाही. एका ठिकाणी त्यानं वारूळ दाखवलं, अस्वलानं उकरलेलं, ताजं. त्यानंतर सगळे आपोआप जवळजवळ चालवायला लागले, कालचे फास्टवाले पण. शेवटी सुकी नदीवरचं गारबर्डी धरण. पावसाळ्यात सांडव्यावर सेल्फीवाल्यांची झुंबड असते, त्या दिवशी तिथे आम्ही आणि एक राखी बगळा. पाणी हललं तर बगळ्यानंच हलवलेलं. तासभर कोणी फोन काढला नाही, रेंज नव्हती हेही कारण असेल.

आणि मग जे "शंभर टक्के" होतं त्याचं पितळ उघडं पडलं. परतीला पाल ते खिरोदा घाट सायकलनं उतरायचा, असा त्यांचा प्लॅन. तो चालू रस्ता आहे, एसटी जाते, मध्य प्रदेशकडून भरलेल्या जीपा येतात, वळणावर समोरचं दिसत नाही. आणि माझा मागचा ब्रेक वर सांगितलाच. मी सरळ पिकअपमध्ये बसले, आणखी तिघी बसल्या. लीडर म्हणे, "काकू, फक्त शेवटचा टप्पा आहे, बाकी तर ट्रॅफिक फ्रीच झालं ना." झालं की, पण मग मेसेजमध्ये ऐंशी टक्के लिहा, आम्ही तरी येऊ.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते जानेवारीच, फेब्रुवारी संपला की आपल्याकडचं ऊन माहितीच आहे. सायकल घरची असेल तर तीच न्या, ट्यूब दोन न्या, सीटवर जेलचं कव्हर लावा (मी बहिणीचं दुसऱ्या दिवशी ढापलं, पहिल्या दिवशीची शिक्षा मंगळवारपर्यंत भोगली). घाट उतरायचा की नाही ते आधीच विचारून घ्या.

जानेवारीच्या बॅचचा मेसेज आलाय, त्यात अजूनही शंभर टक्केच लिहिलंय. मी रिप्लाय केलाय की टॉयलेटचं काय ठरलं आणि ट्यूबमध्ये सीलंट भरलं का, दोन्हीची उत्तरं आली तर दोन सीट धरा. निळ्या टिक आल्यात.