सर्टिफिकेट हाती, शेअरची नोंद कुठेच नाही

पुण्यातील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी 4,75,000 रुपये गुंतवले. दर्शनी मूल्य 10 रुपये आणि अधिमूल्य (प्रीमियम) 240 रुपये, या भावाने मला 1,900 शेअर मिळणार होते. बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीत जोखीम असते हे मला ठाऊक होते, आणि धंदा बुडाला असता तर मी ब्रही काढला नसता. इथे माझे पैसे लाटले गेले आहेत.

ताळेबंद मी वाचला होता. उत्पन्न 1 कोटी 12 लाख आणि ग्राहकांकडून येणे 86 लाख, म्हणजे बिले निघाली होती, पैसा आला नव्हता. शिवाय प्रोग्रामरांच्या पगाराचे 64 लाख खर्चात न धरता 'अमूर्त मालमत्ता' म्हणून, म्हणजे सॉफ्टवेअरसारखी हाताला न लागणारी मालमत्ता म्हणून चढवले होते आणि त्यामुळेच नफा दिसत होता. तिथेच हात आखडता घ्यायला हवा होता, ही टोचणी जात नाही. पण खाली लेखापरीक्षकाची सही होती; 2009 मध्ये उघड झालेल्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात 5,040 कोटींची खोटी शिल्लक अशाच सह्यांखाली खपून गेली, मग पगारदार माणसाने विश्वास ठेवायचा कशावर?

कंपनीच्या खात्यात 3,00,000 रुपये भरल्यावर उरलेले 1,75,000 संचालकाने 'खात्यात तांत्रिक अडचण आहे' असे सांगून स्वतःच्या खात्यात मागवले. कंपनी कायद्याच्या कलम 42 नुसार ही रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवून 60 दिवसांत शेअरवाटप करावे लागते. संचालकाच्या वैयक्तिक खात्यात एक रुपयाही भरू नका. सोनेरी किनारीच्या सर्टिफिकेटवर शेअर क्रमांकांची जागा कोरी होती. पुढे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर 100 रुपये भरून कागदपत्रे पाहिली, तेव्हा वाटपाचे पीएएस-3 विवरणपत्र दाखलच झाले नव्हते. हे शंभर रुपये आधी खर्च करा.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी वाद आहे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीकडून उत्तर आले की कंपनी बाजारात सूचीबद्ध नाही. ठेवीदार संरक्षणाचा एमपीआयडी कायदा शेअर भांडवलाला लागू नाही, असे वकिलांनी सांगितले. कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या कंपनी निबंधकांना कलम 42 खाली दंड करण्याचा आणि व्याजासह परतावा द्यायला लावण्याचा मार्ग खुला असताना, त्यांच्या कार्यालयाने माझी तक्रार खुलाशासाठी त्याच कंपनीकडे पाठवली! तो खुलासा अजून आलेला नाही, आणि तोच संचालक आता नव्या लोकांना 310 रुपये भावाने शेअर देऊ करत आहे.