जुना ५६के मोडेम आणि लाइनवर लावलेले कान

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू विकणाऱ्या एका माणसाकडून मी यू. एस. रोबोटिक्सचा बाहेरून जोडायचा ५६के फॅक्स मोडेम, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून आवाजाच्या रूपाने संगणकाची माहिती पाठवणारी पेटी, दीड हजार रुपयांना घेतला. आखातातून किंवा बोटीवरून कुणीतरी आणलेली वस्तू असावी. तळाशी चिकटवलेली अरबी चिठ्ठी अजून शाबूत आहे. इंटरनेटसाठी हा मोडेम आज कुणी घेणार नाही आणि घेऊही नये. मला तो एका जुन्या शंकेची शहानिशा करण्यासाठी हवा होता. मोडेम लावणाऱ्याच्या लाइनवर टेलिफोनवाले कान लावून बसतात, लाइनीत ‘टिक’ असा आवाज आला की समजावे, अशी कुजबुज नव्वदच्या दशकात आमच्या फोंड्याकडे सर्रास चालत असे, आणि अमेरिकेत तर ती त्याआधीपासून होती. तिच्यात तथ्य किती, हे ठरवायला हे यंत्र कितपत उपयोगी पडते, एवढ्याच दृष्टीने हे परीक्षण लिहीत आहे.

पेटी आटोपशीर आहे. पुढे बारीक दिव्यांची रांग, मागे सिरियल पोर्ट आणि टेलिफोनसाठी दोन खाचा. आजच्या लॅपटॉपला जोडायला यूएसबीची जोडवायर वेगळी घ्यावी लागते. विक्रेत्याने सोबत दिलेला ॲडॅप्टर डीसीचा निघाला, आणि या मोडेमला एसीच देणारा ॲडॅप्टर लागतो, त्यामुळे तो शोधण्यात पणजीची दोन-चार दुकाने पालथी घालावी लागली. हा दोष मोडेमचा नाही.

यंत्राचा खरा गुण म्हणजे त्याचा स्पीकर. हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून चालत आलेल्या आज्ञा हा मोडेमही समजतो. एरवी जोडणी पक्की होताच स्पीकर बंद होतो. पण ‘एटी एम२’ ही आज्ञा दिली की तो अखेरपर्यंत चालू राहतो आणि लाइनवर जे काही चालले आहे ते सगळे आपल्याला ऐकू येते. मडगावच्या एका मित्राकडेही असाच मोडेम आणि तांब्याची जुनी लाइन अजून चालू आहे. रात्री त्याला फोन लावला की पलीकडून सर्वांत आधी एक लांब, सरळ शिट्टी येते. हा २१०० हर्ट्‌झचा उत्तर-स्वर. या एका स्वराशी मी बराच वेळ घालवला, कारण साऱ्या अफवेचे मूळ मला इथे दिसते. लांब पल्ल्याच्या सर्किटवर बोलणाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येऊ नये म्हणून टेलिफोन यंत्रणेत प्रतिध्वनी दाबणारी उपकरणे बसवलेली असत, आणि ती चालू राहिली तर दोन मोडेमना एकाच वेळी दोन्ही बाजूंनी बोलता येत नसे. म्हणून ही शिट्टी ऐकताच त्या उपकरणांनी बाजूला व्हावे, अशी सोय केलेली होती. म्हणजे टेलिफोनची यंत्रणा मोडेमचा आवाज ओळखत होती, हे अक्षरशः खरे आहे. फक्त ती ओळख वाट मोकळी करून देण्यापुरती होती. ती पटवणाऱ्या उपकरणाला मोडेम कुणाचा आणि त्यातून काय चालले आहे, याचे काहीही देणेघेणे नव्हते.

मग लोक एवढे का घाबरत? त्यांना वेड्यात काढणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. अमेरिकेत १९६८ च्या कार्टरफोन निकालापर्यंत टेलिफोन कंपनीच्या लाइनला बाहेरचे उपकरण जोडणेच निषिद्ध होते. रिसीव्हर रबरी वाट्यांत बसवून आवाजाच्या मार्गाने माहिती पाठवण्याची युक्ती त्या काळात म्हणूनच उपयोगी पडली. आपल्याकडेही खात्याच्या परवानगीशिवाय लाइनीला परके यंत्र जोडणे नियमात बसत नसे. ज्याने लपूनछपून तार जोडली आहे, त्याला प्रत्येक खरखर संशयास्पद वाटणारच. शिवाय अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीचे पूर्वचरित्रही निर्मळ नव्हते. १९६४ ते १९७० या काळात एटी अँड टी कंपनीने ‘ग्रीनस्टार’ या गुप्त योजनेखाली लांब पल्ल्याचे ३ कोटींहून अधिक कॉल यंत्रांकरवी तपासले आणि त्यांतील सुमारे १५ लाख कॉल ध्वनिमुद्रित केले. २६०० हर्ट्‌झच्या स्वराने यंत्रणेला चकवून फुकट फोन करणाऱ्यांना पकडणे हा त्यामागचा हेतू होता, आणि हे प्रकरण १९७५ मध्ये बाहेर आले. त्यानंतर काही वर्षांनी घरी मोडेम आणणाऱ्या पिढीला हे ठाऊक होते. १९८७ मध्ये तिथल्या एफसीसी या नियामक आयोगाने माहितीसेवा पुरवणाऱ्या कंपन्यांवर टेलिफोन जाळ्याच्या वापराचे शुल्क बसवण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा तो ‘मोडेमवरचा कर’ म्हणून गाजला. १९८८ मध्ये तो मागे घेतला गेला, तरी त्याची अफवा पुढे कित्येक वर्षे फिरत राहिली. कर बसणार असेल तर मोडेम कुणाकडे आहे हे कंपनी शोधणारच, असा साधा हिशेब लोकांनी मनाशी केला होता.

आता ऐकण्याची तांत्रिक बाजू. ३०० बिट वेगाच्या जुन्या बेल १०३ पद्धतीत फोन करणारा १०७० आणि १२७० हर्ट्‌झवर बोले, तर उत्तर देणारा २०२५ आणि २२२५ वर. दोन्ही बाजू वेगवेगळ्या पट्ट्यांत असल्यामुळे ते संभाषण साध्या टेपरेकॉर्डरवर घेऊन नंतर सावकाश उलगडता येण्यासारखे होते. या मोडेममध्ये असलेली १९९४ ची व्ही.३४ पद्धत निराळी आहे. तीत दोघेही एकच पट्टा एकाच वेळी वापरतात आणि प्रत्येक जण स्वतःचा आवाज वजा करून समोरच्याचा ऐकतो. त्यामुळे खांबावर चढून तारेला काही जोडणाऱ्याच्या हाती दोन्ही आवाजांचा गोपाळकाला लागतो. टेलिफोन एक्स्चेंजच्या आत, जिथे दोन्ही दिशा वेगळ्या होतात, तिथे मात्र हे काम तुलनेने सोपे असते. म्हणजे भीती सर्वांत जुन्या वापरकर्त्यांच्या बाबतीत अधिक रास्त होती, आणि आमच्या पिढीने ती वारशाने घेतली.

‘टिक’ आवाजाचे रहस्य या मोडेमने फारच सरळपणे उलगडले. बोलणे संपल्यावर ‘एटी आय६’ ही आज्ञा दिली की तो जोडणीचा अहवाल छापतो: वेग किती होता, किती तुकडे पुन्हा पाठवावे लागले, किती वेळा ‘रिट्रेन’ म्हणजे दोन मोडेमना जोडणीच्या वाटाघाटी नव्याने कराव्या लागल्या, आणि लाइन तुटली ती कशामुळे. कोरड्या दिवसांत आमची जोडणी सेकंदाला २८,८०० किंवा ३१,२०० बिटवर बसते. (दोन्ही टोकांना साधी लाइन असेल तर ३३,६०० ही मर्यादाच आहे, ५६के हा आकडा समोरची बाजू थेट डिजिटल असेल तरच, आणि तोही एकाच दिशेने.) आषाढात पावसाची झड लागली की खांबावरच्या डीपीत (तारा वाटून देणाऱ्या पेटीत) आणि तिथून घरात येणाऱ्या ड्रॉप वायरच्या जोडांत पाणी शिरते, स्पीकरमधून तळणीसारखा चरचराट येऊ लागतो, वेग १९,२०० पर्यंत घसरतो आणि अहवालात रिट्रेनचा आकडा वर चढतो. दोन दिवस ऊन पडले की सगळे पूर्ववत. कुणी पाळत ठेवीत असेल तर तो केवळ पावसाळ्यात ठेवतो, असे मानावे लागेल. दुसरा ‘हेर’ घरातच असतो: माजघरातल्या पॅरलल फोनचा रिसीव्हर आईने उचलला की त्याच क्षणी जोडणी कोसळते. जाणकाराने एक्स्चेंजमध्ये केलेले टॅपिंग मात्र असा कसलाच आवाज करीत नाही, ही गोष्ट ‘टिक’वाल्यांनी कधी ध्यानात घेतली नाही.

या यंत्राची मर्यादाही इथेच लागते. लाइनवर गोंगाट किती हे ते सांगते, पण आपण कुणाला आणि किती वेळ फोन केला याची नोंद पलीकडे कुठे साठते आहे, ते त्याला कळण्याचा मार्ग नाही. माझ्या मते काळजी करायची ती याची होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच, स्मिथ विरुद्ध मेरीलँड खटल्यात, फिरवलेले क्रमांक घटनेने संरक्षित केलेल्या खासगीपणात मोडत नाहीत असे ठरवले होते. आपल्याकडे १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचे कलम ५(२) सरकारला संदेश अडवण्याचा अधिकार देत होते, आणि त्या अधिकाराला कार्यपद्धतीचे कुंपण सर्वोच्च न्यायालयाने घातले ते डिसेंबर १९९६ मध्ये, पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या सरकारी कंपनीची इंटरनेट सेवा चार महानगरांत सुरू झाली तेव्हा गोव्यातून तिथे पोचायचे तर मुंबईला एसटीडी लावणे आले, आणि रात्री अकरानंतर पाव दर असल्यामुळे हौशी मंडळी त्याच वेळी बसत. रोज मध्यरात्री त्याच क्रमांकावर तासभर चालणारा कॉल ओळखायला शिट्टी ऐकण्याची गरज नसते, बिलाची नोंद पुरते.

घ्यायचाच असेल तर आधी घरची लाइन पाहावी. फायबरच्या पेटीला फोनची खाच असते, पण तिथे आवाज पाकिटांतून, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी जातो, आणि मोडेमला त्यातले छोटे खंडसुद्धा सोसत नाहीत. तिथे वेग बांधून ९,६०० च्या खाली ठेवला तर जोडणी कशीबशी टिकते. तांब्याची लाइन असेल तर ‘एटी एक्स३’ ही आज्ञा आधी द्यावी, कारण हा मोडेम आपला डायल टोन ओळखायला कधी कधी नकार देतो आणि नंबर फिरवतच नाही. ॲडॅप्टर सोबत नसेल तर हजाराच्या वर जाऊ नये.