गणपतीला जुनी गाडी गावी न्यायची तर: कंपनी सर्व्हिस, ओळखीचं गॅरेज की भाड्याची गाडी?

गणपती जवळ आले की हा प्रश्न येतोच. गाडी दहा-बारा वर्षांची, मुंबईत रोजचं बरं चाललंय, पण घरच्यांना घेऊन, डिकी मखराच्या सामानाने भरून, भर पावसात चिपळूण, राजापूर, सावंतवाडीपर्यंत न्यायची का आणि न्यायची तर कुठून तयार करून घ्यायची? माझं मत आधीच सांगतो. बहुतेक गाड्या नेता येतात, आणि आठ-दहा वर्षांपुढच्या गाडीसाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपेक्षा ओळखीचं चांगलं गॅरेज उजवं पडतं. पण काही गाड्या आणि काही कामं गॅरेजला देऊ नयेत, आणि काही वेळा तर सरळ भाड्याची गाडी घ्यावी, कधी काय ते पुढे येईल.

मुंबईतल्या गाडीचं एक वेगळंच असतं, मीटरवर किलोमीटर कमी दिसतात त्यामुळे मालकाला वाटतं गाडी एकदम फिट आहे, "पन्नास हजारच तर चाललीये". पण रबर वापरलं नाही तरी जुनं होतंच, होज पाइप, फॅन बेल्ट, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतलं रबर), ब्रेकचे सील, टायर हे सगळं सोसायटीत उभ्या उभ्या म्हातारं होतं. त्यात समुद्राची हवा, पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गेलेली गाडी, बॉनेटखाली वायर कुरतडणारे उंदीर, आणि सायनपासून घोडबंदरपर्यंत फर्स्ट-सेकंड गियरमध्ये घासून निघालेला क्लच. म्हणजे लांबच्या प्रवासात जे लागतं नेमकं तेच इथे रोज तपासलं जात नाही, सलग चार तास ऐंशीने गाडी आपण मुंबईत चालवतच नाही ना.

कंपनी सर्व्हिस सेंटर

चांगलं काय, तर चेसिस नंबरवर जुना रेकॉर्ड निघतो, स्कॅनर त्यांचा स्वतःचा असतो, पार्ट ओरिजिनल, बिल पक्कं. रिकॉल (सदोष भाग बदलायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) राहिलाय का तेही तिथे कळतं आणि जुन्या गाडीवाल्यांनी हे खरंच विचारावं. होंडाच्या जुन्या सिटी, जॅझ, सिव्हिकमध्ये ताकाता कंपनीच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर (ती फुगवणारा भाग) बदलायचा रिकॉल होता, तो फुकट बदलून द्यायचा असतो, आणि सेकंड हँड गाडी घेतलेल्या कित्येकांना याचा पत्ताच नसतो.

नडतं ते असं की पेड सर्व्हिस हे ठरलेलं पॅकेज असतं, ऑइल, फिल्टर, ब्रेक सफाई, टॉप-अप, वॉशिंग. तुमच्याशी बोलतो तो काउंटरवरचा अॅडव्हायझर, गाडी उघडतो दुसराच कोणीतरी, मधल्या मध्ये निरोप गळतो, तुम्ही सांगितलेलं "घाटात उतरताना ब्रेक खाली जातो" जॉब कार्डवर नुसतं "ब्रेक चेक" होतं. वर इंजिन ड्रेसिंग, एसीची सफाई, इंटिरियर पॉलिश असलं काहीबाही लावून बिल फुगतं, लेबरवर 18 टक्के जीएसटी वेगळा, आणि यातल्या कशानेच गाडी कशेडी घाटापलीकडे पोचायला मदत होत नाही. अजून एक म्हणजे तिथे सुटा भाग शक्यतो दुरुस्त करत नाहीत, अख्खा बदलतात. लोअर आर्मचा (चाक गाडीला धरून ठेवणारा खालचा दांडा) बुश गेला तर अख्खा आर्म सांगतात, गॅरेजवाला नुसता बुश प्रेसवर बसवून आणतो. नवीन आर्म वाईट असं म्हणत नाहीये मी, पण तेवढ्या पैशात ब्रेक आणि कूलंटचं काम होऊन जातं.

तरी ऑटोमॅटिक गाडी असेल, एबीएस किंवा एअरबॅगचा लाइट पेटलेला असेल, डिझेल गाडीत इंजिनचा पिवळा लाइट येऊन-जाऊन असेल तर कंपनीतच जा, तिथे अंदाजपंचे काम नको.

ओळखीचं गॅरेज

इथला सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तुम्ही शेजारी उभे राहू शकता. चाक काढलं की ब्रेकचा पॅड किती उरलाय ते दिसतं, गाडी वर घेतली की एक्सलचा बूट (रबरी टोपण) फाटून ग्रीस उडालंय का दिसतं, पट्टी किंवा चॅनेल (गाडीखालचा लोखंडी सांगाडा) गंजलाय का दिसतं. जो मेकॅनिक तुम्हाला बोलावून "हे बघा" म्हणतो तो चांगला, आणि जो गाडी न उघडता फोनवर "सगळं ओके करून ठेवतो" म्हणतो त्याच्याकडे रोजची किरकोळ कामं करा, गावाला जायची गाडी नको.

धोका आहे पार्टचा. डुप्लिकेट बेअरिंग, डुप्लिकेट पॅड, साधा होज पाइप, हे बाजारात सर्रास मिळतं. त्यावर उपाय सोपा, पार्ट स्वतः आणायचा. कंपनीच्या स्पेअर काउंटरवर किंवा ऑपेरा हाऊसच्या बाजारात जुन्या पार्टच्या नंबरवर नवीन पार्ट मिळतो, लेबर गॅरेजला द्यायची. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने पार्ट भरपूर मिळतात, आरसा, दरवाजाचं हँडल, हेडलाइट तिथून खुशाल घ्या, पण ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनमधलं काहीही जुनं घेऊ नका, दोन पैसे वाचतील पण भरवसा कसला.

दुसरं म्हणजे वेळ. गणपतीच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक गॅरेजसमोर रांग असते, मेकॅनिकही माणूस आहे, घाईत क्लॅम्प ढिला राहतो. तीन आठवडे आधी गाडी टाका.

बरं, गॅरेजला नुसतं "फुल चेक कर" सांगू नका. नाव घेऊन सांगायचं.

पहिलं कूलिंग. जुनी गाडी वाटेत बंद पडायचं हे मोठं कारण, आणि मुंबईत ते लपून राहतं. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचा वरचा जाड पाइप हाताने दाबून बघा, क्लॅम्पजवळ फुगलेला वाटला, दगडासारखा कडक किंवा एकदम लिबलिबीत लागला, दुमडल्यावर बारीक भेगा दिसल्या तर बदला. क्लॅम्पभोवती हिरवट-पांढरा सुकलेला डाग असेल तर तिथून कूलंट झिरपतंय. रेडिएटरचं झाकण तर कोणी बघतच नाही, त्याच्या आतलं रबर चिरलं की सिस्टिममध्ये प्रेशर राहत नाही, प्रेशर नाही तर पाणी लवकर उकळतं, आणि हे झाकण काही महाग नसतं हो. कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलं असेल तर आत गंज आणि गाळ असणार, फ्लश करून गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच कूलंट भरा. एसी लावून गाडी उभी चालू ठेवा, पंखा वेळेवर सुरू होतो का ते कानाने ऐका. आणि वाटेत तापमानाचा काटा वर गेलाच तर एसी बंद, हीटर फुल, बाजूला घेऊन थांबायचं, इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, हात भाजतो तो कायमचा.

दुसरं ब्रेक ऑइल. पॅड सगळे बघतात, ऑइल कोणी बघत नाही. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. नवीन डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल 230 अंशाच्या वर उकळतं, पाणी शोषलं की हाच आकडा 155 पर्यंत खाली येऊ शकतो, आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला काय तोटा. मग घाट उतरताना ब्रेक तापले की आत वाफ होते, पाय थेट खाली जातो. दोन वर्षांत बदललं नसेल तर बदलून चारही चाकं ब्लीड करून (आतली हवा काढून) घ्या. आणि उतरताना सेकंड-थर्डमध्ये उतरा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा उद्योग नको.

तिसरं टायर. टायरच्या बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या नंबरच्या शेवटी चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसते म्हणून सात-आठ वर्षं जुना टायर लोक खेचतात, पण बाजूला केसासारख्या भेगा आल्या असतील तर तो हायवेच्या वेगाला आणि भरलेल्या गाडीला नको. नक्षीची कायदेशीर मर्यादा 1.6 मिमी, पावसात मी तिथपर्यंत वाट बघणार नाही. दोनच नवीन घ्यायचे असतील तर टायरवाला पुढे लावतो, तुम्ही मागे लावायला सांगा, ओल्या वळणावर मागचा भाग सुटला की साध्या ड्रायव्हरला गाडी सावरत नाही. स्टेपनीचंही साल बघा, बऱ्याचदा ती गाडीबरोबर आलेलीच असते. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर लिहिलेला असतो, भरलेल्या गाडीचा वेगळा असतो, तो घ्या.

टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करणाऱ्या पट्ट्याचं, थोडक्यात. मारुतीच्या के सिरीज इंजिनला चेन आहे, त्यामुळे अल्टो के10 किंवा के सिरीज इंजिनच्या पेट्रोल स्विफ्टवाल्यांना ही काळजी नाही, पण अल्टो 800, जुनी सँट्रो, 1.1 ची आय10 यांना बेल्ट आहे, आणि तो कधी बदलला ते कोणालाच आठवत नसेल तर न बदलता निघू नका. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीवर 12.6 व्होल्टच्या आसपास असावी, 12.4 च्या खाली असेल तर ती दमलीये. जुन्या पेट्रोल गाडीत फ्युएल पाइपचा वास घेऊन बघा, 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत, रबर चिरलेलं असेल तर आत्ताच बदला. वायपर आणि काचेवरचं धुकं घालवणारा ब्लोअर, हे सांगायला नकोच.

भाड्याची गाडी

सेल्फ ड्राइव्ह गाडी तुलनेने नवीन असते, बंद पडली तर डोकेदुखी त्यांची, हे खरंच. पण गणपतीत भाडं चढतं, डिपॉझिट अडकतं, किलोमीटरची मर्यादा असते, आणि गावच्या लाल मातीच्या पाणंदीत बंपर घासला तर त्याचा हिशोब परत आल्यावर. शिवाय गाडी गावी सहा-सात दिवस नुसती अंगणात उभी राहणार, त्याचं भाडं चालूच. दोन-तीन दिवसांत परत यायचं असेल तर परवडतं. आणि गाडीला क्लच, टायर, बेल्ट तिन्ही एकदम लागत असतील, चॅनेल गंजून पोकळ झालाय असं मेकॅनिक म्हणत असेल, तर ह्या वर्षी भाड्याची घ्या, आपल्या गाडीचा निर्णय परत आल्यावर शांतपणे करा.

रस्ता कुठला त्यावरही अवलंबून

एनएच 66 ने (मुंबई-गोवा हायवे) जाणार असाल तर कशेडीच्या बोगद्यामुळे जुन्या वळणांचा त्रास कमी झालाय, पण इंदापूर-माणगावच्या कोंडीत तासन्तास रांगत जायची तयारी ठेवा, तिथे परीक्षा क्लचची आणि पंख्याची. पुण्यावरून सातारा-कोल्हापूर करून आंबा, गगनबावडा किंवा फोंडा घाटाने उतरणार असाल तर रस्ता चांगला, अंतर आणि टोल जास्त, आणि तिथे परीक्षा सलग वेगात टायरची, मग खाली उतरताना ब्रेकची. सुरुवातीलाच खंडाळ्याचा चढ फुल लोड, एसी चालू, म्हणजे गाडी तापणारी असेल तर तिथेच कळेल. क्लच संशयास्पद असेल तर मी कोल्हापूरची वाट धरीन, टायर जुने असतील तर कुठलीच नाही, आधी टायर. गेली काही वर्षं सरकार गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना टोलमाफीचा पास देतं, पोलीस ठाण्यात किंवा आरटीओत चौकशी करा.

कागदपत्रांत तीनच गोष्टी अडतात. गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर आरसी रिन्यू झालंय का, पीयूसी चालू आहे का, आणि सीएनजी असेल तर सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी). सीएनजीवाल्यांनी टाकीत पेट्रोलही ताजं भरून थोडं पेट्रोलवर चालवून बघावं, वर्षभर पेट्रोलवर न चाललेली गाडी नेमकी सीएनजी पंपावरच्या लांब रांगेत आठवते. इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स आहे का बघा, नसेल तर वेगळी घ्या, जुन्या गाडीला तो खर्च वाजवी आहे.

तर साधी पेट्रोल मॅन्युअल गाडी, ओळखीचा मेकॅनिक आणि हातात तीन आठवडे असतील तर गॅरेज, पार्ट स्वतःचे. ऑटोमॅटिक, वॉर्निंग लाइटवाली डिझेल, किंवा ओळखीचा मेकॅनिकच नाही असं असेल तर कंपनी, पण कूलंट, ब्रेक ऑइल आणि होज पाइप जॉब कार्डवर लिहून घ्या आणि सही करायच्या आधी वाचा. हातात चारच दिवस असतील आणि गाडी वर्षभर उघडलेली नसेल तर भाड्याची.

आणि काम कुठेही करा, निघायच्या दोन आठवडे आधी एका रविवारी घरच्यांना बसवून, डिकीत वजन टाकून, एसी लावून कसारा घाट चढा, इगतपुरीला चहा घ्या आणि परत या. रात्री गाडीखाली एक जुना पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी त्यावर डाग आहे का बघा, आणि थंड गाडीत कूलंटच्या डब्यातली पातळी खालच्या रेषेकडे सरकली असेल तर त्याच दिवशी गॅरेजला फोन करा, त्याच्याकडे अजून गर्दी झालेली नसते.