सीबीएसजवळचा लिव्हिंग विलचा तयार नमुना: घ्यावा का?

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाबाहेर टायपिंगवाल्याकडे भाडेकराराच्या शेजारीच आता लिव्हिंग विलचा नमुनाही मिळतो. लिव्हिंग विल म्हणजे स्वतः सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. दोन पानं, नावं भरा, नोटरीचा शिक्का घ्या, अर्ध्या तासात मोकळे. काम झटपट, टायपिंगही स्वच्छ. पण आयसीयूच्या दारात हा कागद टिकणं अवघड आहे.

चूक शीर्षकापासूनच. ‘इच्छामरण पत्र’! इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्याकडे गुन्हाच आहे. परवानगी आहे ती कृत्रिम उपचार थांबवण्याची किंवा सुरूच न करण्याची. वेदनाशमन चालूच राहतं. हे शीर्षक वाचूनच डॉक्टर बिचकतील.

शेवटी मॅजिस्ट्रेटच्या सहीला जागा सोडलीय. ती लिव्हिंग विलला मान्यता देणाऱ्या २०१८ च्या निकालातली अट, सर्वोच्च न्यायालयानेच २४ जानेवारी २०२३ ला काढून टाकली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. साक्षीदार दुकानातच मिळतो, तो मात्र घेऊ नका. उद्या शंका निघाली तर त्याला शोधणार कुठे?

सगळ्यात कच्चा आहे तो मजकूर. ‘व्हेंटिलेटर नको’ एवढंच लिहिलंय. न्यूमोनियात काही दिवसांचं व्हेंटिलेटर माणसाला चालत घरी पाठवू शकतं. म्हणून आधी ‘बरं होण्याची आशा उरली नसेल तर’ ही अट हवी, मग एकेक उपचाराचं नाव: व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय सुरू करणं, नाकातून पोटात जाणारी नळी. नळीबद्दल नमुना गप्प, आणि घरात वाद पेटतो तो तिच्यावरूनच. ‘उपाशी कसं ठेवायचं?’

आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्याच्या नावासाठी एकच ओळ आहे. एकाहून जास्त नावं चालतात. मुलगा परदेशी असेल तर नाशिकरोडच्या भाचीचंही घाला.

शिक्क्यानंतर काय, हे दुकानदार सांगत नाही. एक प्रत महापालिकेत, राजीव गांधी भवनात द्या आणि पोच घ्या. एक फॅमिली डॉक्टरांना, एकेक नाव दिलेल्यांना. मूळ प्रत लॉकरमध्ये नको, रविवारी बँक बंद असते. वेळ आली की उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, मग दुसरं मंडळ, अशी दोनदा तपासणी होते. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. अंमलाआधी रुग्णालय मॅजिस्ट्रेटला फक्त कळवतं.

मजकूर घरून लिहून न्या. टायपिंग आणि नोटरीपुरतं दुकान चांगलं आहे.