४० मि.मी. चौकोनी आसाचा खोला: ट्रॉलरवाल्यांनी घ्यावा का?

घ्यावा. खोला म्हणजे ट्रॉल जाळ्याच्या टोकाची, मासळी साठणारी पिशवी; आस म्हणजे जाळ्याचं भोक. महाराष्ट्रात ट्रॉल जाळ्याला चौकोनी आसाचा खोला बंधनकारक आहेच, पण खरं कारण जाळं ओढताना कळतं. नेहमीच्या शंकरपाळी आसाच्या खोल्यावर मालाचा भार आला की आस लांबट होऊन मिटतात. मग आस ४० मि.मी.चा असूनही बोटाएवढी पिल्लं आत अडकतात आणि बंदरावर कुट्टीच्या, म्हणजे टाकाऊ बारीक मासळीच्या, भावाने फिशमीलला (मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्याला) जातात. चौकोनी आसात ओढ धाग्याच्या सरळ रेषेत बसते, त्यामुळे खोला भरला तरी आस उघडे राहतात. राणीमासा, बांगडा यांची पिल्लं खालच्या खाली निसटतात. डेकवर आल्यावर परत फेकलेली पिल्लं बहुतेक मेलेलीच असतात, हा फरक फार मोठा आहे.

माप मात्र नीट तपासा. ४० मि.मी. म्हणजे आस ताणून समोरासमोरच्या गाठींमधलं अंतर, म्हणजे चौकोनाची बाजू २० मि.मी. बाजूच ४० मि.मी. असलेला खोला गळ्यात पडला तर विकाऊ मासळीही जाते आणि बोल चौकोनी आसाला लागतो. शक्यतो बिनगाठीचं जाळं घ्या. गाठीचं जाळं तिरपं कापून चौकोनी केलं की ओढीने गाठी सरकतात, आस लहानमोठे होतात.

जोडणीत सर्वात जास्त चुका होतात. जाळ्याच्या दोन शंकरपाळी आसांना खोल्यातल्या चौकोनाची एक बाजू धरायची. जाळ्याचा घेर २०० आसांचा असेल तर खोल्याला १०० बाजू, म्हणजे २ मीटर घेर. एकास एक शिवलं तर घेर दुप्पट होतो, खोल्याला घड्या पडतात आणि उघड्या आसाचा फायदाच जातो. आतून बारीक आसाचं अस्तर लावलं तर तो चौकोनी खोला उरतच नाही. अशी जाळी दिसतात, आणि ती पाहून फार वाईट वाटतं.

उणिवाही आहेत. करंदीचा (बारीक कोळंबीचा) काही माल नक्की सुटतो; तिच्यावर चालणाऱ्या नौकेला हा तोटा जाणवेल. पापलेटसारख्या उभट, चपट्या माशांच्या पिल्लांना चौकोनातून निघणं गोल अंगाच्या माशांइतकं सोपं नसतं. शिंगाळ्याचे काटे आसात अडकतात. फाटल्यावर नेहमीच्या पद्धतीने विणून चौकोन जुळत नाही, म्हणून त्याच जाळ्याचे कापलेले दोन-तीन तुकडे नौकेवर ठेवा आणि ठिगळ बाजूला बाजू जुळवून शिवा.